चहाच्या वेळेचा आवाज

"रोज रोज आवाज पाठवू नकोस गं," विमलबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "म्हातारं माणूस आवाजावर भागवायला शिकतं. एकदा शिकलं, की मग माणूस आलेलं त्याला नकोसं होतं."

बुद्धप्रियाने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. विमलबाईंचं बोलणं तसंच असायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेला, त्यामुळे वृद्धाश्रमातल्या वरणापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांना त्या गुण द्यायच्या आणि सहसा नापास करायच्या. त्यांचा मुलगा सर्वेश पुण्याला. त्याचा ना फोन, ना निरोप. शेजारच्या खोलीतल्या धुरपतामावशीला मात्र नांदेडहून भाचीचा आवाज रोज यायचा. बाईंच्या पोटात दुखतंय, दुसरं काय, असं बुद्धप्रियाला वाटलं. तिने "बरं बाई" म्हणून फोन ठेवला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

धुरपतामावशी म्हणजे तिच्या आईची बहीण. आई गेली तेव्हा बुद्धप्रिया पाचवीत होती. मावशी नायगावला सरकारी दवाखान्यात नर्स. स्वतःचं मूलबाळ नाही, नवरा लवकर वारलेला. तिने भाचीला उचलून आणलं, शिकवलं, लातूरला एमएस्सीला घातलं. निवृत्तीनंतर बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुबा मोडला. तेव्हा बुद्धप्रिया आणि तिचा नवरा नागसेन लातूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. "मला जिना चढवू नका, माझ्यापायी तुमचा जीव जाईल," असं म्हणत मावशीने स्वतःच तो आश्रम निवडला. शहराबाहेर, डाळमिलांच्या पलीकडे. बैठं बांधकाम, अंगणाच्या तिन्ही बाजूंनी खोल्या, मधे बदामाचं झाड. वारा सुटला की तुरीच्या भुशाचा वास अंगणभर यायचा.

मग नागसेनला नांदेडला नोकरी लागली. तळमजल्याचं घर मिळालं. मावशीसाठी खोली तयार झाली. बुटका पलंग, बाथरूममध्ये धरायला दांडा, खरखरीत फरशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन यायचं ठरलं. लेक उत्पला, घरातली उप्पू, तेव्हा नुकती बसायला लागली होती.

मार्चमध्ये सगळं बंद झालं.

जिल्ह्याच्या हद्दीवर अडवत होते. पास काढून पोचलं तरी आश्रमाचं फाटक कुणालाच उघडायचं नव्हतं. आत ज्याने त्याने आपापल्या खोलीत राहायचं. जेवणाचं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, कडी वाजवायची आणि लांब व्हायचं. अंघोळीला हात द्यायला कुणी नाही, वेणी घालायला कुणी नाही. मावशी नर्स होती. तिला हे सगळं बरोबर आहे हे कळत होतं. तरी ती जेवेना. कानाला फोन लावला तर तिला ऐकू यायचं नाही आणि खोल्याखोल्यांतून एकच फोन फिरवायला परवानगी नव्हती. व्यवस्थापक वीरण्णा ताटाचा फोटो पाठवायचा. भाकरी तशीच. वरणावर साय धरलेली.

"ताई, एक आयडिया हाय," वीरण्णा एक दिवस म्हणाला. तो निलंग्याकडचा, चाळिशीतला, घाईने बोलणारा. "अंगणात झाडावर आपला भोंगा हाय बघा, जेवणाची हाक द्यायचा. तुम्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मी दुपारच्या चहाला लावतो. समद्याच घरच्यांना सांगायलोय. आपापल्या खिडकीत बसून ऐकतील की."

बुद्धप्रियाने त्या दिवशी काय बोलायचं ते ठरवायलाच वेळ लावला. मग सरळ बोलली. मावशी, मी प्रिया. आज शेपूची भाजी केली. उप्पूला खालचा दात आलाय, बोट घातलं की चावते. जेव बरं का. पुढच्या आठवड्यात बघते, जमलं की लगेच येते.

दुसऱ्या दिवशी ताटाचा फोटो आला. चाटूनपुसून स्वच्छ.

मग ते रोजचंच झालं. उप्पूला मांडीवर घ्यायचं, फोन तोंडाशी धरायचा आणि दिवस सांगायचा. "झाली का आकाशवाणी सुरू?" नागसेन आतून चिडवायचा. "बाजारभाव पण सांग की, तुरीचे." ती हातानेच त्याला गप्प करायची. पाठीमागे कुणाचीही भांडी वाजलेली तिला चालायची नाहीत. शेवटी नेहमी तेच, पुढच्या आठवड्यात बघते.

विमलबाईंनी स्वतःच्या मोबाईलवरून केलेला तो फोन याच दिवसांतला.

पोळ्याच्या सुमारास नागसेनला ताप आला. तपासणी झाली आणि त्याला आतल्या खोलीत बसवलं. मग उप्पूला ताप आला. बुद्धप्रियाला त्या दिवसांतलं फार आठवत नाही. ओल्या कपड्याची घडी, थर्मामीटरचा टीं असा आवाज, स्वयंपाकघरात उभ्याने खाल्लेला भात. फोनकडे तिने पाहिलं नाही. पुष्कळ दिवसांनी उप्पूच्या कपाळाला हात लावला तर ते गार लागलं. तेव्हा तिला मावशी आठवली. एवढ्या दिवसांत एकही निरोप नाही. म्हातारीने पुन्हा जेवण सोडलं असेल.

तिने वीरण्णाला गळ घातली. त्याने खिडकीबाहेर उभं राहून व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला. गजाआड मावशीचा चेहरा दिसला. ताजा, हसरा.

"उतरला न्हवं ताप?" मावशी म्हणाली. "मी म्हणलेच. मोसंबीचा रस ठेवला पोटात, आता काय काळजी न्हाई. परवा ओकली म्हणून सांगितलंस तवा मातर माझा जीव खालीवर झाला बघ."

उप्पू परवा मोसंबीचा रस ओकली होती. ते पाहायला तिच्याशिवाय जवळ कुणी नव्हतं.

"मावशी, तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगनार? तूच की."

तिने दाराबाहेरून नागसेनला विचारलं. "मी कशाला फोन करू वीरण्णाला? मला उठवत नव्हतं, तुला माहीत आहे," तो आतून म्हणाला. मग तिने वीरण्णाला विचारलं, या दिवसांत भोंग्यावर काय लावत होतास?

"तुमचंच, ताई. रोज वाजायलंय की."

"मी पाठवलंच नाही."

"असं कसं? मी ऐकलोय ना. लेकरू कुरकुर करायलंय, तुम्ही थोपटायल्यात, असलं." तो म्हणाला. "मोबाईलमध्ये आता न्हाई. मेमरी भरती, मी पुसून टाकतो. जुनंच लागलं असंल एखादं."

जुनंच लागलं असेल. बुद्धप्रियाने ते धरून ठेवलं. ती रसायनशास्त्र शिकलेली बाई होती. तिच्या घरात दृष्ट काढत नव्हते, अंगात येणाऱ्याला पाणी पाजून डॉक्टरकडे पाठवत होते. मावशीनेच तिला तसं वाढवलं होतं. म्हातारं माणूस महिनोन् महिने एकटं राहिलं की मन पोकळी भरून काढतं, हे तिने वाचलं होतं. लहान मूल तापात ओकणारच. मोसंबीही कुणीही देतं.

तरी तिने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला नाही. मुद्दाम. चहाची वेळ होऊन गेल्यावर फोन केला.

"वीरण्णा, आज मी काही पाठवलं नव्हतं."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ताई, मी बी लावला न्हवता," तो म्हणाला. "दुपारपासून लाईट न्हाई इथं. भोंगा बंदच हाय."

"मग?"

"मग काय... चहा दिला. समदे खिडकीत येऊन बसले. झाडाकडं तोंड करून. मला काय ऐकू आलं न्हाई, खरं सांगतो. पर मधेच समदे हसले, ताई. एकाच टायमाला. अन् मग गप ऐकाय लागले."

त्यानंतर त्याने भोंगा उतरवून ठेवला. तसं त्याने तिला कळवलं आणि विषय काढायचं टाळू लागला. ताटांचे फोटो मात्र येत राहिले. सगळी ताटं स्वच्छ. आश्रमात कुणीही आजारी नव्हतं. कुणी रडत नव्हतं, कुणी घरी न्या म्हणून हट्ट करत नव्हतं. इतर घरच्यांनी वीरण्णाचे आभार मानले.

फाटक उघडलं तेव्हा तूर काढणीला आली होती.

नागसेनने मित्राची गाडी मागून आणली. मागच्या सीटवर गादी टाकली, उशा ठेवल्या. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळी पडलेली तूर. उप्पू आता चालत होती आणि तिला दोनतीनच शब्द येत होते. ती आईच्या मांडीवर उभी राहून खिडकीच्या काचेला नाक लावून होती. बुद्धप्रियाच्या डोक्यात एकच चाललं होतं. संध्याकाळी मावशी त्या बुटक्या पलंगावर असेल. पहिल्यांदा तिचे केस धुवायचे.

नागसेन कागदांवर सह्या करायला वीरण्णाच्या खोलीत गेला. ती लेकीला कडेवर घेऊन अंगणात आली.

खुर्च्या आता खोल्यांबाहेर आल्या होत्या. प्रत्येक दारापुढे एक. सगळ्यांची तोंडं बदामाच्या झाडाकडे. झाडावर भोंगा नव्हता. फांदीला तारेचा वेढा तेवढा राहिला होता.

मावशी वाळली होती. पण अंगावर धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. लेकीला शेजारी उभी करून बुद्धप्रिया मावशीपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. गेल्या कित्येक महिन्यांत त्या हातांना कुणी हात लावला नव्हता. ते कागदासारखे कोरडे होते. मावशीने ते हळूच सोडवून घेतले आणि पदराखाली ठेवले.

"बसा की बाई, खाली कशाला," ती म्हणाली. "कुणाकडं आलात?"

"मावशी, मी प्रिया."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. नर्स पेशंटकडे पाहते तसं. मग समजुतीने हसली.

"आमची बी भाची प्रियाच हाय. नांदेडला असती. रोज बोलती माझ्यासंगं. लेकरू चालाय लागलंय तिचं, परवा उंबऱ्यात पडलं, इथं खोक पडली," तिने स्वतःच्या भिवईवर बोट ठेवलं.

उप्पूच्या भिवईवर पट्टी होती.

"अगं, ही बघ ना. हीच ती. ही उप्पू."

"हां, अशीच असंल," मावशी म्हणाली आणि उप्पूच्या गालाला बोट लावलं. "गोड हाय. तुमची का?"

विसर पडतो, बुद्धप्रिया स्वतःला सांगत होती. एकटं ठेवलं की चेहरे जातात. घरी नेलं, रोज दिसलं की येतील परत. पण मावशी काहीच विसरली नव्हती. नांदेडच्या घराच्या फरशीचा रंग तिला माहीत होता. दांडा डाव्या हाताला बसवलाय हे माहीत होतं. बुद्धप्रियाच्या कंबरेत कळ येते हे माहीत होतं, आणि ते तिने नागसेनलाही सांगितलं नव्हतं. फक्त समोर बसलेली बाई कोण, एवढंच तिला माहीत नव्हतं.

"आवाज ऐक मावशी. माझा आवाज ऐक. मीच बोलत होते ना रोज?"

"तिचा आवाज मला ठावं हाय," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमचा जरा जड हाय."

शेजारच्या खुर्चीत विमलबाई होत्या. इतक्या शांत बसलेल्या विमलबाई बुद्धप्रियाने पाहिल्या नव्हत्या.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला," ती म्हणाली. "तुम्हीच मला म्हणाला होतात, आवाज पाठवू नकोस. आठवतं?"

"म्हणाले असेन," विमलबाई म्हणाल्या. "तेव्हा सर्वेश बोलत नव्हता ना. आता रोज बोलतो. जेवलीस का विचारतो. आधी कधी विचारलं नाही हो त्याने."

वीरण्णा मागे येऊन उभा होता. त्याने बुद्धप्रियाकडे पाहून नुसती मान हलवली. सर्वेशने एकही निरोप पाठवलेला नव्हता. आधी नाही, नंतर नाही.

आश्रमात कामाला असलेली सरजाबाई चहा घेऊन आली. प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि मान खाली घालून आत निघून गेली. ती तिथे थांबली नाही.

"मावशी, गाडी उभी आहे. चल. घरी जाऊन चहा घेऊ."

"मी कशी येऊ?" मावशी दचकून म्हणाली. "ती येनार हाय मला न्यायला. ती आली अन् मी नसले तर?"

"मी आलेय ना मावशी."

"हळू बोला जरा, बाई. येळ झाली."

अंगणात कपबशांचा आवाज थांबला.

सगळ्यांच्या माना थोड्या कलल्या. सगळ्या एकाच बाजूला.

बुद्धप्रियाने कान दिला. लांब कुठेतरी डाळमिलची घरघर. वाऱ्याने बदामाचं एक पान फरशीवर घसटत गेलं. बाकी काही नाही.

मावशीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ती मधूनमधून हुंकार देत होती. एकदा "अगं बाई" म्हणाली. विमलबाईंनी डोळे पुसले.

"काय म्हणते ती?" बुद्धप्रियाने विचारलं. स्वतःचा आवाज तिला खरोखरच जड वाटला.

"म्हणती, मावशी, खोली करून ठेवलीया. यायचं व्हतं, पर आज काय जमना." मावशी झाडावरची नजर न काढता सांगत होती. "पुढल्या आठवड्यात बघती."

बुद्धप्रियाने पुन्हा कडेवर घेतलेली उप्पू चुळबुळली.

तिने मान वळवली. झाडाकडे. त्या तारेच्या वेढ्याकडे.

तिला काहीतरी ऐकू येत होतं. चेहरा फुलला. तिने आईच्या खांद्यावरून पुढे झुकून दोन्ही हात झाडाकडे पसरले.

"आई," उप्पू म्हणाली.

बुद्धप्रियाने तिला घट्ट धरलं. लेकरू तिच्या हातातून सुटायला बघत होतं, पाय झाडत होतं, रडत होतं. आई, आई. झाडाकडे बघून.

मावशीला नागसेन आणि वीरण्णाने उचलून न्यायचा प्रयत्न केला. तिने खुर्चीचे हात सोडले नाहीत. ती ओरडली नाही. नुसती म्हणत राहिली, "तिला काय सांगू मी? तिला काय सांगू?" नागसेननेच शेवटी तिचे हात पुन्हा खुर्चीवर ठेवले. "राहू दे," तो बुद्धप्रियाला म्हणाला. "हाडं मोडतील तिची."

परतीच्या वाटेवर मागची गादी रिकामी होती. अहमदपूरपर्यंत उप्पू मागच्या काचेतून पाहत होती.

मधे दुसरी लाट येऊन गेली. फाटक पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं. बुद्धप्रिया आता दर रविवारी लातूरला जाते, एकटी, एसटीने. लेकीला घरी ठेवते. तिथे जाऊन मावशीचे केस धुते, नखं काढते, पायाला तेल लावते. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, अशी पुष्कळ म्हातारी माणसं आहेत हल्ली, घाई करू नका. मावशी तिला "नांदेडच्या बाई" म्हणते. तिने आणलेले शेंगदाण्याचे लाडू खाते. नमस्कार करते, जयभीम घालते. चहाच्या वेळेआधी मात्र तिला घालवून देते.

बुद्धप्रियाला वाटायचं, सवय होतेय. हळूहळू ओळख लागेल. एकदा तर मावशीने आपणहून तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्या दिवशी एसटीत ती रडली.

पुढच्या रविवारी मावशीने पाय जवळ ओढून घेतले. तेलाची वाटी बाजूला सारली.

"काय झालं मावशी?"

"राहू द्या आता, बाई," मावशी ओशाळून म्हणाली. "तुम्ही लई करता, न्हाई म्हणत न्हाई मी. पर आमच्या प्रियाला सांगितलं मी तुमच्याबद्दल. ती म्हणाली, त्या बाईला फार जवळ येऊ देऊ नको. तिची सवय लागंल तुला."

बुद्धप्रिया ही गोष्ट फारशी कुणाला सांगत नाही. सांगितली तर शेवटी एवढंच म्हणते, आणि ते तुमच्यासाठीही आहे. तुमचं कुणी असं लांब असेल, काका, आत्या, जुन्या गल्लीतली शेजारीण, कुणीही. ताटं रिकामी येतात, हसरे फोटो येतात, कुणी तक्रार करत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. फोन करू नका. निरोप धाडू नका. उठा आणि जा. समोर बसा, हातात हात घ्या आणि विचारा, मी कोण?

आणि जमलं तर, चहाच्या आधी जा.